गुरुजींची दाढी आणि राखीव बाळकू

एका गावात एक भोळा बास्केटबॉल खेळाडू होता. नाव बाळकू. तो संघात होता, पण मैदानात नव्हता. तीन वर्षं राखीव गड्यांच्या बाकावर बसून होता, आणि बसण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता.

संघाच्या शेलार गुरुजींनी शपथ घेतली होती, तालुक्याचा चषक गावात येईपर्यंत दाढी करणार नाही. आता ती छातीपर्यंत आली होती आणि जेवताना आमटीत बुडायची. बाळकूला गुरुजींची फार दया यायची.

अंतिम सामना तालुक्याच्या गावी होता आणि सगळं गाव बघायला लोटलं होतं. गुरुजी न्हाव्यालाच बरोबर घेऊन आले. म्हणाले, "बाळकू, तू बाक सांभाळ."

थोड्या वेळाने एक गडी दमला. गुरुजींनी बाळकूला आत पाठवलं. बाळकू बाक डोक्यावर घेऊन आत गेला. बाकावरचे दोघे आपटले. पंचांनी शिट्टी मारली.

"अरे, बाक कशाला नेलास?"

"सांभाळ म्हनला न्हवं? मागं कुनी उचलला म्हंजे?"

गुरुजींनी कपाळाला हात लावला. "राखीव गड्यानं ज्याच्या जागी जायचं, त्याच्यासारखंच खेळायचं. स्वतःची अक्कल चालवायची नाही."

बाळकूने खूणगाठ बांधली आणि बाकासकट माघारी येऊन बसला. मग कप्तान तुकाचा पाय मुरगळला आणि बाळकू त्याच्या जागी गेला. लंगडत गेला. मधूनमधून 'आई गं' म्हणत होता, कारण तुकाही म्हणत होता. तेवढ्यात समोरच्यांनी चार बास्केट केले.

"नीट चाल की! आणि बॉल हातात आला की सोडू नको."

बॉल हातात आला. बाळकू तो पोटाशी धरून खाली बसला. पंचांनी मागितला, तरी दिला नाही.

"अरे गाढवा, हातात आलं की लगेच आपल्या माणसाला द्यायचं. विचार करायचा नाही."

शेवटची दहा सेकंदं उरली. गाव एका गुणाने मागे. बॉल बाळकूकडे आला. त्याने विचार केला नाही, शेजारच्या बंडाला दिला. बंडाने तो रिंगेत टाकला. गाव जिंकलं.

गुरुजींचे डोळे भरून आले. "राखीव गडी नीट बसवला की सगळं जमतं," ते म्हणाले. न्हाव्याने त्यांच्या गालाला साबण लावायला घेतला.

तुकाला चालवेना, म्हणून चषक घ्यायला बाळकूला पाठवलं. प्रमुख पाहुण्यांनी चषक त्याच्या हातात दिला. शेजारी हरलेल्या संघाचा कप्तान उभा होता, हणमंतराव. बाळकूच्या बहिणीचा नवरा. लग्नाला चारच महिने झाले होते.

हातात आलं की लगेच आपल्या माणसाला. बाळकूने विचार केला नाही.

"घ्या दाजी. तुमच्यापरीस आपला मानूस कोन?"

दाजींनी चषक घेतला आणि टेम्पोत चढले. गुरुजी फेसासकट मागे धावले. बाळकूची आई आडवी आली.

"गुरुजी, जावयाला दिल्यालं माघारी मागत्यात व्हय?"

गावाचा जावई. सरपंचांनीही मान खाली घातली. टेम्पो गेला.

गुरुजी बाकावर येऊन बसले. बाळकू शेजारी टेकला.

"काळजी करू नगा. दिवाळसनाला दाजी चषक घिऊनच येतील. गावात आला की करा दाढी."

न्हाव्याने वस्तरा पुसला. "आणि सण झाल्यावर दाजी परत घेऊन गेले की?"

बाळकूने यावेळी मात्र नीट विचार केला.

"मग काय, पुन्ना चिकटवायची."