पायवाल्या अक्षरांची लग्नपत्रिका

नदीकाठच्या एका गावात रखमाजी नावाचा एक भोळा जुळारी होता. दिगंबरपंतांच्या छापखान्यात शिशाचे खिळे, म्हणजे छपाईची सुटी अक्षरं, एकेक करून ओळीत लावायचं त्याचं काम. सांगितलं की ऐकायचा, हाच काय तो त्याचा दोष.

एकदा पंतांनी नवा टाईप आणला. रेघ कुठे जाड, कुठे बारीक, आणि प्रत्येक दांडीच्या तळाशी इवलासा पाय. पंतांच्या लेकीचं, कुमुदचं लग्न ठरलं होतं. होणारे व्याही बापूसाहेब भलतेच मानी. जरा कुठे मान कमी पडला की सोयरीक मोडायला निघत. म्हणून पत्रिका देखणी हवी होती. कुमुदच्या बारशाचं आमंत्रण रखमाजीनेच जुळवलं होतं, तेव्हा पत्रिकाही आपल्याच हातून व्हावी असं त्याला फार वाटे.

"या अक्षराला पाय आहेत, रखमाजी," पंत म्हणाले. "ओळीवर घट्ट उभं राहतं. वाचणाऱ्याचा डोळा घसरत नाही."

"घसरत नाही. बरं."

दुसऱ्याच दिवशी घाटावर लावायची सूचना छापायला आली: 'शेवाळ आहे, पाय घसरेल.' रखमाजीने ती पायवाल्या बारीक टाईपात छापली. लोक वाचायला वाकले, ते थेट नदीत गेले. पहिले सरपंच.

"अरे शहाण्या, महत्त्वाचं असेल ते जाड आणि मोठं घालावं!" पंत ओरडले.

"जाड आणि मोठं. बरं."

मग वैद्यबुवांच्या जुलाबाच्या औषधाच्या बाटलीवर चिकटवायची चिठ्ठी छापायला आली: 'फक्त एक चमचा घ्या.' बाटली बोटभर. जाड, मोठ्या टाईपात 'घ्या' तेवढंच मावलं. लोकांनी घेतलं. दोन दिवस गावात टमरेल मिळेना.

पंतांनी कपाळावर हात मारला. "मावत नसेल तर अक्षर बारीक कर! पण कागदावर लिहिलेलं एक अक्षर गाळायचं नाही. पत्रिकेत काही गाळलंस तर कायमचा घरी बस."

"एक अक्षर गाळायचं नाही. बरं."

पंत पत्रिकेचा मजकूर लिहून देऊन शालू घ्यायला परगावी गेले. रखमाजीने जीव ओतला. पाचशे प्रती छापून गावभर वाटल्या आणि शेवटची स्वतः बापूसाहेबांच्या हातात दिली.

आपलं नाव सगळ्यांत मोठं पाहून बापूसाहेब खुलले. मग त्यांनी चष्मा चढवला. नावाखाली, त्याच नाजूक पायवाल्या अक्षरांत, छापलं होतं: 'व्याही मानाचा भुकेला आहे. नाव मोठं घाल, म्हणजे लग्न लागेपर्यंत गप्प बसेल.'

"हे काय आहे?" बापूसाहेब कडाडले.

"कागदाच्या कडेला पंतांनीच लिहिलं होतं. मी काही गाळलं नाही," रखमाजी अभिमानाने म्हणाला. "पुढे वाचा ना. डोळा मुळीच घसरत नाही."

तो खरंच घसरला नाही. पुढची ओळ होती: 'रखम्या, गाढवा, हे कडेचं छापू नकोस.'