रामपत्रीचं रोप

फार जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की तेव्हा डोंगराला नाव होतं, पण मालक नव्हता.

त्या डोंगराच्या पायथ्याशी एक पेठ होती आणि पेठेत रामपत्रीची मोठी पेढी. रामपत्री म्हणजे रानातल्या एका उंच झाडाच्या बीवरचं तांबूस, जाळीदार वेष्टण. मसाल्यात चिमूटभर पडलं, की घर दरवळून जातं. पेढीचे भागीदार चार. नागशेट माणसं लावून फळं उतरवी. पोमाजी ती भट्टीवर सुकवी. केसोबाच्या बैलगाड्या माल पेठेत आणत. आणि विक्री सांभाळी कमळजाबाई.

कमळजाबाईला चौकशांची भारी हौस. "हिला सावली भेटली तरी विचारेल, कुणाची गं तू?" असं लोक हसून म्हणत.

एकदा एक म्हातारे वैद्य पेढीवर आले. म्हणाले, "बाई, रामपत्री नको. तिचं रोप द्या. परसात लावीन म्हणतो."

"त्यात काय, मागवते की," कमळजाबाई म्हणाली. पण म्हणता म्हणता तिच्या लक्षात आलं, की जन्म गेला रामपत्री विकण्यात आणि तिचं रोप काही आपण पाहिलेलं नाही.

तिने नागशेटला विचारलं. तो म्हणाला, "रोप? असेल की कुठंतरी. आमची नजर वर, फळांकडे. खाली कोण बघतो?"

आता तिला राहवेना. "मीच आणते," म्हणाली, आणि भाकरी बांधून गाडीवाटेने रानात शिरली.

रान जुनं होतं. रामपत्रीची झाडं खांबासारखी सरळ वर गेलेली. कमळजाबाईने एकेका झाडाखालचा पाला काठीने सारून पाहिला. एकही रोप नाही. हातभर वाढलेलं नाही, की माणसाएवढं नाही. सगळी झाडं वयस्कर. जसं एखाद्या गावात शिरावं, घराघरात म्हातारी माणसं बसलेली दिसावीत आणि पोराचा आवाज कुठे येऊ नये, तसं तिला झालं.

"या रानाची लेकरं गेली कुठं?" ती स्वतःशीच म्हणाली.

चालता चालता ती एका तोडलेल्या बुंध्यापाशी आली आणि थबकली. बुंध्याभोवती रोपंच रोपं! एक पान चुरगळून हुंगलं, तर तोच वास. पण बुंधा तर रामपत्रीचा नव्हता. दुसऱ्याच कुठल्या झाडाचा होता, आणि आतून पोकळ. मग रामपत्रीची पोरं इथे कशी आली? आणि इथेच का?

तेवढ्यात डोक्यावरून घूं घूं करत मोठे पंख गेले. धनेश पक्षी होता. त्याच्या लांब, वाकड्या चोचीत रामपत्रीचं लालसर फळ होतं. तो बुंध्याच्या वर, जिथे आता नुसतं आभाळ होतं, तिथे घिरट्या घालू लागला. शेजारच्या फांदीवर बसला. पुन्हा उडाला. पुन्हा तिथेच आला. चोचीतलं फळ काही त्याने खाल्लं नाही.

कमळजाबाईला त्याचा अर्थ कळला नाही. एक रोप मुळासकट काढून तिने ओल्या पाल्यात गुंडाळलं. आता परत फिरायला हरकत नव्हती. पण कोडं सुटल्याशिवाय परतेल ती कमळजाबाई कसली!

पुढे ओढ्याकाठी तिला तसंच एक पोकळ झाड उभं दिसलं. त्याच्याखालीही रामपत्रीची रोपं होती. ती जाळीआड बसून राहिली. उन्हं कलली तसा दुसरा एक धनेश आला आणि खोडाला बिलगला. खोडाची ढोली चिखलाने लिंपलेली होती; उरली होती फक्त एक फट. त्या फटीतून आतली चोच बाहेर आली. नराने घशातून एकेक फळ काढून तिला भरवलं. थोड्या वेळाने फटीतून चाटूनपुसून साफ झालेल्या बिया टपटप खाली पडल्या.

कमळजाबाई उठून उभी राहिली. आत स्वतःला कोंडून घेतलेली आई होती, तिची पिलं होती. आणि हा पक्षी रानभर फिरून खात होता, भरवत होता, जाईल तिथे बिया टाकत होता. रामपत्रीचा माळी हाच!

तिचं लक्ष खोडाच्या दुसऱ्या बाजूला गेलं. तिथे चुन्याची फुली होती. भट्टीसाठी तोडायच्या झाडावर पोमाजीचे लाकूडतोडे करत ती खूण.

रात्र तिने तिथेच काढली. दुसऱ्या दिवशी सकाळी लाकूडतोडे कुऱ्हाडी घेऊन आले, तेव्हा झाडाला पाठ लावून कमळजाबाई उभी होती. "आधी तिघा शेटांना बोलवा," ती म्हणाली.

तिघे आले. तिने सगळं सांगितलं.

पोमाजी म्हणाला, "अहो ताई, मी चांगलं झाड कधी तोडलं? पोकळ झाड ना खांबाला, ना तुळईला. तेच तेवढं भट्टीला घेतो."

नागशेट म्हणाला, "मी तर कुऱ्हाडीला हातही लावत नाही. पाखरांनी खायच्या आत फळं उतरवतो, एवढंच."

केसोबा खाली बघत म्हणाला, "गाडीवान पोरं धनेश मारून चोच जुवाला बांधतात. बैल थकत नाहीत म्हणे. पण ते त्यांचं त्यांचं."

"आणि बाजारात पहिला माल आपलाच हवा, म्हणून कच्ची फळंही उतरवा, असा निरोप कोण धाडतं? मीच," कमळजाबाई म्हणाली. "एकानं खाणं नेलं, एकानं घर जाळलं, एकाच्या माणसांनी जीव घेतला आणि घाई केली मी. रान कुणीच मारलं नाही, आणि तरी मरतंय."

तेवढ्यात ढोलीतून बारीक किरकिर ऐकू आली. पिलं भुकेली झाली होती. वरच्या फांदीवर त्यांचा बाप फळ घेऊन बसला होता. माणसं हलायची वाट बघत होता.

पोमाजीने मुंडासं सोडलं आणि त्याच्या सोग्याने चुन्याची फुली खसाखसा पुसली. "चला, बाजूला व्हा सगळे," तो म्हणाला. "त्याला येऊ द्या."

वैद्यांना त्यांचं रोप मिळालं आणि त्या दिवसापासून पेढीची रीत बदलली. माल उन्हात वाळू लागला. पोकळ झाडाला कुऱ्हाड लावायची बंद झाली. प्रत्येक झाडावर पाखरांचा वाटा राहू लागला, आणि ज्याच्या जुवाला चोच दिसेल, त्याची गाडी पेढीने घ्यायची नाही असं ठरलं.

नागशेटला हे पटलं नाही. "पाखरं पोसायला मी धंद्यात पडलो नाही," म्हणून तो फुटला आणि नदीपलीकडच्या रानात जुन्याच रीतीने फळं उतरवू लागला. काही वर्षं त्याच्या गाड्या भरून वाहिल्या. इकडे पेढीचा माल निम्म्यावर आला. लोक हसले. केसोबाने दोन बैलजोड्या विकल्या. कमळजाबाईने ते दिवस सोसले.

पुढे म्हातारी झाडं एकेक करून वठली. नदीपलीकडे त्यांची जागा घ्यायला कुणी नव्हतं. तिथे झुडपं माजली आणि नागशेटच्या मुलांनी गाव सोडलं. नदीअलीकडे प्रत्येक वठलेल्या झाडाशेजारी दुसरं उभं होतं. त्या नव्या झाडांची फळं कमळजाबाईने पाहिली नाहीत. तिच्या मागून पेढीवर बसलेल्यांनी ती उतरवली, पाखरांचा वाटा ठेवून.

म्हणून सांगतात: धंद्यात कामाची वाटणी होते, पण ज्या रानावर धंदा जगतो त्याला जगवण्याची जबाबदारी प्रत्येकाची पुरी असते.