सारवलेली बाग

फार मागे, गावांना वेशी होत्या आणि प्राणी माणसांशी बोलत, तेव्हाची ही गोष्ट.

एका गावाबाहेर डाळिंबाची बाग होती. तिथे एक मुलगी एकटीच राहायची. आईवडील गेल्यावर तिला तेवढंच उरलं होतं. आणि गावचा रिवाज असा, की ज्या बागेतून बहराला देवीपुढे एक टोपली चांगली फळं येणार नाहीत, ती बाग काढून दुसऱ्याला द्यायची.

मुलगी भित्री होती. झाडांखाली गुडघाभर गवत, त्यात पिवळी एकदांडीची फुलं, आणि दिवसभर कसली तरी खुसखुस. काही सळसळलं की तिच्या कमरेवरची कळशी हिंदकळायची. शेवटी तिने सगळं गवत खुरपून काढलं आणि अंगण सारवावं तशी झाडांखालची जमीन शेणाने सारवली. फक्त विहिरीमागचा कोपरा राहिला. तिथली सळसळ मोठी होती. तिकडे जायचा तिला धीरच झाला नाही.

"इथं पाय ठेवायचा की पंगत मांडायची गं?" शेळ्या राखणारी म्हातारी कुंपणापाशी थांबून म्हणाली.

"या ना आजी, टेका जरा."

"नको बाई. माझ्या पायांची माती लागेल तुझ्या सारवणाला."

असंच म्हणून सगळे पुढे जायचे. आत कोणीच येईना.

बाग शांत झाली. इतकी, की संध्याकाळी मुलीला स्वतःचाच श्वास ऐकू यायचा आणि त्यालाही ती दचकायची.

मग मावा पडला. कोवळे शेंडे बारीक हिरव्या किड्यांनी भरले, पानं चिकट झाली, कळ्या सारवणावर टपटप गळू लागल्या. ती त्या झाडून काढायची. सकाळी पुन्हा तेवढ्याच.

एकदा पाणी ओढताना तिचं लक्ष मागच्या कोपऱ्यात गेलं. तिथलं झाड लालभडक फुललं होतं. तिने जीव मुठीत धरून गवतात पाय टाकला.

"जरा बघून," पायाशी बसलेला म्हातारा बेडूक म्हणाला.

ती किंचाळलीच असती. पण तिच्याशी कोणी बोलून फार दिवस झाले होते.

"बेडूकदादा, या झाडावर मावा कसा नाही?"

"आहे की. पण खाणारेही आहेत." त्याने ठिपक्यांचे लाल किडे दाखवले. "हे जेवतात वर, राहतात खाली. फुलांतला मध चाटतात, गवतात निजतात. तुझ्याकडे जेवण भरपूर आहे गं, पण राहायचं कुठे त्यांनी?"

"मला तुम्हा सगळ्यांची भीती वाटते."

"आम्हालाही तुझी वाटते. तू आलीस की आम्ही गप्प होतो."

त्या दिवसापासून तिने सारवण सोडलं. हळूहळू गवत वर आलं. फार वाढलं की ती एक ओळ कापायची आणि शेजारची तशीच ठेवायची, म्हणजे आतल्यांना पलीकडे सरकता यावं. गवतात शिरताना म्हणायची, "मी आले हं."

त्या बहराला देवीपुढे एकच टोपली गेली, विहिरीमागच्या झाडाची. बाग तिच्याकडेच राहिली. पुढच्या बहराला लाल किडे झाडाझाडावर दिसू लागले.

गवतात सळसळलं की ती तेव्हाही दचकायचीच. मग विचारायची, "कोण?" उत्तर यायचं नाही. पण कोणीतरी आहे, एवढ्यानेच तिला झोप लागायची.

तात्पर्य: ज्यांची चाहूल नकोशी वाटते त्यांना हुसकावलं, की आपली राखण करणारंही कोणी उरत नाही.