पावणेदोन

"आता आणखी काय लावून द्यायचं राहिलं, बाबा?"

मंदार सबनीस तावातावाने विचारत होता. पुण्यातला कॉम्प्युटरवाला बडा साहेब. समोर दर्ग्याच्या कट्ट्यावर लतीफबाबा फकीर आपली गोधडी शिवत बसलेले. शेजारी मंदारची लेक जुई, चौथीतली, तोंडाला कुलूप.

"काय काय लावलंस?"

"टॅबवर धडे लावले. कानाला हेडफोन लावला. कुणाची कटकट नको म्हणून खोलीचं दारसुद्धा लावून घेतो!"

"मग?"

"मग..." साहेबांचा ताठा जरा उतरला. "पूर्वी शाळेतनं आली की हिची टकळी थांबायची नाही. आता काही विचारलं तर नुसतं 'हं'. माझी पोर माझ्याशी बोलेनाशी झालीय, बाबा."

बाबांनी सुई गोधडीत खोचली.

"लाव बघू एक धडा. मलाही ऐकू दे."

हेडफोन निघाला. टॅब तिघांच्या मध्ये आला. आतली बाई गोड आवाजात म्हणाली, "पावणेदोन लिटर दुधात पाव लिटर दूध ओतलं. एकूण दूध किती?"

जुईने तोंड उघडायच्या आत बाबांनी मंदारकडे बोट केलं.

"तू सांग."

"मी?" मंदारला हसू आलं. इंग्रजी शाळेत शिकलेला गडी, पण हिशेबाला पक्का! "सोपं आहे. तीन लिटर."

...

जुईची मान वर झाली.

"ए पपा! दोन!"

"दोन कसे? पावणेदोन म्हणजे दोन आणि वर पाऊण..."

"अय्या! पपाला पावणेदोन येत नाही! अरे, दोनाला पाव कमी!"

मग काय विचारता! पोरीने बाबांचा पाण्याचा तांब्या पुढ्यात ओढला आणि बापाची शिकवणी सुरू केली. पाव, अर्धा, पाऊण, ओतून दाखवताना निम्मं पाणी बापाच्या अंगावर. मधेच हसून हसून लोळायची. त्याच भरात वर्गातल्या बाईंच्या गमती, मैत्रिणीशी झालेली कट्टी, सगळं भडाभडा बाहेर आलं. मंदार भिजलेल्या शर्टाने ऐकत राहिला. त्याचे डोळे भरून आले होते आणि हसूही आवरत नव्हतं.

निघताना तो पाया पडला.

"बाबा, उद्या कुठला धडा लावू?"

बाबांनी पुन्हा सुई हातात घेतली.

"कुठलाही लाव... चुकायला तेवढा तू बस."