छोटीची भूक ताईला कळेना

समुद्राच्या तळाशी एक होतं पोवळ्याचं झाड. त्याला पानं नव्हती. नुसती तोंडं! इवली इवली तोंडं. सगळ्यांची मिळून कातडी एकच, दुधावरच्या सायीसारखी पातळ. तिचं नाव सायमाय. एका तोंडानं खाल्लं, की सायमायमधून सगळ्यांच्या पोटात.

एकदा वरून होडीचा नांगर पडला. खर्रर्र! सायमाय फाटली. टोकाचं इवलं तोंड म्हणजे छोटी, ती पलीकडे एकटीच राहिली; तिची थोरली ताई अलीकडे. छोटीचे हात आखूड. तिला घास धरता येईना. बिचारी पांढरी पडू लागली.

फांदीत राहायचा ठिपक्या खेकडा. त्याला बघवेना. निघाला तुरुतुरु, तुरुतुरु.

"ताई, ताई, छोटीला घास दे."

"माझं पोट तर भरलंय! तिला भूक असती, तर मला कळली असती. सोंग करतेय मेली! सायमाय जुळू दे, मग बघू."

ऐका हे! सख्खी ताई, आणि असं बोलली. ठिपक्या निघाला तुरुतुरु, तुरुतुरु.

"सायमाय, सायमाय, जोड ना गं.
ताई देईना घास,
छोटीला उपास!"

"वाटेत शेवाळ बसलंय. ते उठलं तर जोडीन."

तुरुतुरु, तुरुतुरु.

"शेवाळा, शेवाळा, ऊठ ना रे.
सायमाय जोडेना,
ताई देईना घास,
छोटीला उपास!"

"मी कशाला उठू? मासोबानं खाल्लं तर जाईन."

तुरुतुरु, तुरुतुरु.

"मासोबा, मासोबा, शेवाळ खा ना.
शेवाळ उठेना,
सायमाय जोडेना,
ताई देईना घास,
छोटीला उपास!"

"वाटेत जाळं अडकलंय. ते सुटलं तर येईन."

तुरुतुरु, तुरुतुरु.

"जाळ्या, जाळ्या, सूट ना रे.
मासोबा येईना,
शेवाळ उठेना,
सायमाय जोडेना,
ताई देईना घास,
छोटीला उपास!"

जाळं बोललंच नाही. कुणीतरी टाकून दिलेलं जाळं. त्याला कुणाची पडलीय!

मग ठिपक्यानं नांगी उगारली. कट्! कट्! कटाक्!

जाळं सुटलं. नांगी मोडली.

मासोबा आला. चरचर, चरचर. शेवाळ गेलं. सायमाय सरकली, हळूहळू जुळली.

आणि ताई किंचाळली, "आई गं! केवढी ही भूक!"

"माझी आहे," छोटी म्हणाली.

ताईनं भराभर घास धरले. गटक्! गटक्! छोटीचं पोट भरलं. छोटी पुन्हा लाल लाल झाली.

"अगं, आधी नाही का सांगायचं?" ताई म्हणाली.

छोटीला रडू आलं. ती ठिपक्याच्या मोडक्या नांगीकडे बघत राहिली.

"त्याचं पोट कुठं आपल्याला जोडलंय, ताई? तरी त्याला कळलं."



घास छोटीला पोचला,
ताईला मात्र बोचला.