व्यंगचित्रातली एक चूक

व्यंगचित्रकार खरवंडीकर तापाने फणफणले आणि दैनिकाची पंचाईत झाली. पहिल्या पानावर रोज चित्र तर हवंच. खरवंडीकरांनी अंथरुणातूनच सात वर्षांपूर्वीच्या चित्रांचा गठ्ठा धाडून दिला. सोमवारी रस्त्यातला खड्डा छापून आला, मंगळवारी कोरडा नळ, बुधवारी बाजारातला उकिरडा; आणि प्रत्येक चित्रात शेजारून स्कूटरवर ऐटीत चाललेले नगराध्यक्ष घोलप. वाचक नेहमीसारखे हसले. एकाचीही तक्रार आली नाही.

शुक्रवारी स्वतः घोलपच तणतणत कचेरीत आले. ते दुसऱ्यांदा निवडून आले होते, त्यामुळे आवाजही दुप्पट.

“स्कूटर विकून मला पाच वर्षं झाली! शिळी चित्रं छापता? ही वाचकांची फसवणूक आहे. उद्याच दुरुस्ती छापा, नाहीतर या माणसाला घरी बसवा!”

संपादकांचा चेहरा उतरला. खरवंडीकर त्याच दिवशी कामावर आले होते. ते शांतपणे म्हणाले, “साहेब, चूक ती चूक. जेवढं चुकलंय तेवढं दुरुस्त करतो.”

“तेवढंच करा! पण पहिल्या पानावर, ठळक अक्षरांत!”

शनिवारी पहिल्या पानावर ठळक चौकट आली:

‘या आठवड्यातील व्यंगचित्रे सात वर्षांपूर्वीची होती. नगराध्यक्षांच्या स्कूटरच्या जागी वाचकांनी मोटार समजावी. खड्डा, नळ आणि उकिरडा आम्ही समक्ष पाहून आलो. ते चित्रात आहेत तसेच आहेत.’