भिंतीआडचं गाणं

“यावर काही तावीज आहे का, बाबा?”

नूरशा फकीर चहा गाळत होते. त्यांनी मान वर केली नाही.

“कशावर?”

“पोरीवर.”

विचारणारा रंगनाथ टेकाळे, हायस्कूलचा मुख्याध्यापक. मुलांना वळण कसं लावावं यावर तो गावोगावी पालकांना भाषणं द्यायचा. टाळ्याही घ्यायचा. घरात मात्र त्याची सोळा वर्षांची मृण्मयी त्याच्याशी बोलेनाशी झाली होती.

आज तो तिला शहरातल्या वसतिगृहात सोडायला निघाला होता. वाटेत बाबा राहायचे तो तकिया लागला. दोन कडुनिंब, पत्र्याची खोली आणि कमरेएवढी दगडी भिंत. लहानपणी दुपारी शाळा सुटली की तो इथेच पडीक असायचा. पाय आपोआप ब्रेकवर गेला.

मृण्मयी गाडीतच बसून राहिली. कानांत इअरफोन, नजर दुसरीकडे.

“काय केलं पोरीनं?”

“दिवसभर कोरियन गाणी ऐकते. एक अक्षर कळत नाही, तरी ऐकून रडते. खोलीच्या भिंतीवर त्या गाणाऱ्यांची चित्रं लावलेली. ओठ रंगवलेली पोरं, बाबा! परवा मी सगळी फाडून टाकली.”

“मग?”

“दिवाळीला घरी येणार नाही म्हणते.”

“येईल की.”

“नाही येणार. माझ्यावर गेलीय ती.”

बाबांनी चहाची कपबशी त्याच्यापुढे सरकवली.

“म्हणून दाखव.”

“काय?”

“ती रडती ते गाणं.”

“मला काय माहीत?”

“चित्रं फाडली अन् गाणं ऐकलंच न्हाई?”

“ऐकण्यासारखं काय आहे त्यात? नुसता धिंगाणा.”

बाबा बोळक्या तोंडाने खदाखदा हसले.

“तुझे तात्या हेच म्हणले व्हते. हितंच हुभं राहून.”

रंगनाथची नजर कोनाड्याकडे गेली. बाबांचा जुना रेडिओ अजून तिथेच होता, मुका झालेला, वर उदबत्तीचं घर ठेवलेलं.

तात्या म्हणजे रंगनाथचे वडील. गळ्यात माळ, भजनी मंडळात पेटी वाजवायचे. सिनेमाच्या गाण्यांचा त्यांना असा काही तिटकारा, की घरात रेडिओच आणू दिला नाही. म्हणून रंगनाथ इथे यायचा. बुधवारी दुपारी फर्माइशी गाणी लागत. रेडिओ खरखरायचा, बाबा त्याला एक चापट मारायचे, की तो गायला लागायचा. पायाखाली पिकल्या लिंबोळ्या, त्यांचा तो गोड उग्र वास... एका गाण्यावर तर त्याचा जीव जडला होता. ते लागलं की डोळे भरून यायचे आणि का ते कळायचं नाही. त्या गाण्यातल्या नटासारखा त्याने केसांचा कोंबडाही काढला होता. तात्यांनी न्हाव्याला घरी बोलावून तो उतरवला.

किती सुंदर दुपारी होत्या त्या.

“तात्या इथे कशाला आले होते?”

“तावीज मागायला. तुझ्यासाठी. माळकरी माणूस, अन् फकिराच्या दारात आला. किती जीव तुटला असंल.”

“तुम्ही काय दिलंत?”

“चहा.”

...

बाबांनी स्वतःसाठी चहा ओतला. “मंग तो दर बुधवारी यायला लागला. तू ह्या अंगाला, रेडिओपाशी. तो त्या अंगाला, भिंतीआड. उकिडवा बसून ऐकायचा. तू गेला की मला विचारायचा, बाबा, त्याला आवडतं ते ह्यातलं कोणतं?”

“शक्यच नाही.”

“एकादशीचं भजन आठवतं का?”

रंगनाथने कप खाली ठेवला.

आठवत होतं. न आठवायला काय झालं? विठ्ठलाच्या देवळात तात्यांनी पेटीवर अचानक त्याच गाण्याची चाल धरली होती आणि तिच्यात अभंग कोंबला होता. शब्द चालीत मावेनात. मृदंगवाला थांबला. म्हातारे डोळे वटारून बघू लागले. तात्यांचे कान लालबुंद झाले, तरी ते थांबेनात. दाराकडे बघत गात राहिले.

दारात रंगनाथ होता, मित्रांबरोबर. मित्र फिदीफिदी हसले. रंगनाथ तिथून निघूनच गेला.

पुन्हा ती चाल तात्यांनी कधी वाजवली नाही. रंगनाथही पुढे शिकायला बाहेर पडला, तो पाहुण्यासारखाच घरी येत राहिला. तात्यांना जाऊनही आता बरीच वर्षं झाली होती.

“मला वाटलं...” रंगनाथ भिंतीकडे बघू लागला. “मला वाटलं, तात्या माझी चेष्टा करताहेत. चारचौघांत.”



कडुनिंबात एक साळुंकी ओरडून गेली. शाळेत पोरं ज्याला चळाचळा कापत, तो मुख्याध्यापक शर्टाच्या बाहीने डोळे पुसत बसला होता. त्याला तात्या हवे होते. त्यांचा तो बेसूर, हट्टी आवाज पुन्हा एकदा ऐकायचा होता.

“सांगितलं का नाही त्यांनी मला?”

“लाजायचा.”

“माझ्याकडे यायला?”

“हां. म्हणून तर भिंतीआड बसला. शेवटपर्यंत.”

...

गाडीचा हॉर्न वाजला. एकदाच, चिडका. रंगनाथ घाईघाईने उठला.

“तिला तावीज नको, बाबा. मला द्या. काहीतरी द्या.”

बाबा भिंतीला हात टेकत उठले. डोळ्यांवर आडवा हात धरून त्यांनी गाडीकडे निरखून पाहिलं.

“तिच्या कानात काय हाय ते?”

“तेच ते. गाणी ऐकायचं.”

“दोन्ही कानांत?”

“हो. दोन असतात ती.”

बाबांनी रिकामी कपबशी उचलली.

“मंग एक माग.”